साडेसदतीस आवर्तने

तीनताल मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत धरला, तर एक आवर्तन १६ सेकंदांचे होते. १० मिनिटांत अशी साडेसदतीस आवर्तने बसतात. विद्यापीठांच्या युवा महोत्सवात एकल तबलावादनाला वेळ असतो तो एवढाच. त्याआधी वाद्ये लावायला ५ मिनिटे. केंद्र सरकारने २०१५ साली शाळांसाठी सुरू केलेल्या ‘कला उत्सवा’त तर याहूनही कमी. तेवढ्यात पेशकार, कायदा, रेला, गत, तुकडे, चक्रदार असे सगळे दिसले पाहिजे, ही घरच्यांची आणि कॉलेजची अपेक्षा असते, पुष्कळदा शिकवणाऱ्यांचीही. मग वादन बसवले जाते. पेशकाराची चार आवर्तने, कायद्याचे ठरलेले तीन पलटे, ठरलेली तिहाई. दोन-तीन महिने तेच आणि तसेच घोटायचे.

वेळ कमी आहे ही तक्रार मला पटत नाही. ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटे मावत. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्यात राग उभा केला, आणि त्या तबकड्या आजही लोक जिवाचा कान करून ऐकतात. खाँसाहेबांची तयारी साडेतीन मिनिटांची नव्हती, म्हणूनच ते जमले. काय सोडायचे हे ठरवण्यासाठी सोडण्याजोगे पुष्कळ जवळ असावे लागते. आपल्या स्पर्धकांचे दुखणे इथे आहे. १० मिनिटे वाजवायची म्हणून १० मिनिटांचीच तयारी करून घेतली जाते आणि अकराव्या मिनिटाला मुलाकडे काही उरत नाही.

मुंबईच्या किनाऱ्यावरच्या मढसारख्या गावातल्या मुलाला हे जास्त महागात पडते. शिकायला मालाड, अंधेरी किंवा जुहूकडे जावे लागते. निखिल घोष यांनी १९५६ साली स्थापन केलेली ‘संगीत महाभारती’ जुहूलाच आहे. खाडीपलीकडचे वर्सोवा फेरीबोटीने काही मिनिटांवर; पण पावसाळ्यात समुद्र खवळला आणि बोट बंद झाली, की तबला-डग्ग्याची पिशवी खांद्याला लावून मार्वे रोडने मालाडचा वळसा घ्यायचा. युवा महोत्सवाच्या प्राथमिक फेऱ्या येतात त्या याच पावसाळी दिवसांत. खाऱ्या, ओल्या हवेत पुडी सैलावते, घरून लावून नेलेला तबला सभागृहात पोचेपर्यंत उतरतो. गठ्ठे ठोकून, गजऱ्यावर हातोडी चालवून पाच मिनिटांत तो पुन्हा सुरात आणणे हाही तयारीचा भाग आहे, आणि तो फारच थोड्या मुलांकडून करून घेतला जातो.

लेहऱ्याचे, म्हणजे एकल वादनाला आवर्तन धरून देणाऱ्या धुनेचे, तर त्याहून वाईट. घरी हार्मोनियमची साथ कुठून मिळणार? म्हणून मूल मोबाइलवर लेहरा लावून रियाज करते. काहीच नसण्यापेक्षा हे बरे, एवढे मी मान्य करतो. पण मोबाइलची लय तसूभरही हलत नाही. माणसाचा लेहरा तबलजीकडे कान देऊन असतो. पेशकारातून कायद्याकडे जाताना लय वाढवायची ती तबलजीने, आणि लेहरेवाल्याने ती ओळखून घ्यायची. महिनोन्महिने यंत्रामागून चाललेल्या मुलाला हे पुढारपण घेताच येत नाही. स्पर्धेच्या सकाळी तासभर भेटलेला साथीदार आणि तो, दोघेही एकमेकांची वाट बघत राहतात. आठवड्यातून एकदा तरी माणसाबरोबर बसायला मिळावे, याची सोय कॉलेजांनी करायला हवी. तयार हार्मोनियमवादक न मिळाला तर पेटी शिकणारा एखादा वर्गमित्रही चालेल.

मला जास्त वाईट वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. कोळीवाड्यात वाढलेल्या मुलाला प्रसंग ओळखून वाजवणे लहानपणापासून ऐकून माहीत असते. हळदीला बेंजोवाले आणि ताशेवाले नाचणाऱ्यांकडे बघून वाजवतात. रंग चढला की तीच चाल आणखी फिरवायची, बायका पुढे आल्या की लय सांभाळायची, ज्येष्ठ मंडळी उतरली की ठेका जरा मोकळा करायचा. कागदावर काहीच ठरलेले नसते. तबल्याच्या परिभाषेत ही उपज आहे. कायद्याचा विस्तार याहून फार वेगळे काही मागत नाही. पलट्यात कायद्यातलेच बोल यायला हवेत आणि खाली-भरी दिसली पाहिजे; एवढे बंधन पाळून पुढचा रस्ता वाजवणाऱ्याने शोधायचा. असा कान घेऊन आलेल्या मुलाला आपण तीन पलटे पाठ करायला लावतो आणि चौथा स्वतःहून सुचला तर वेळ चुकेल म्हणून दटावतो.

बंदिशी पाठ असणे कमी मोलाचे, असे मात्र मुळीच नाही. मुंबईत मुनीर खाँ, अहमदजान थिरकवा, अमीर हुसेन खाँ यांनी बंदिशींचे भांडार राखले, वाढवले. अमीर हुसेन खाँचे शिष्य अरविंद मुळगावकर यांचे ‘तबला’ हे पुस्तक १९७५ साली आले. बंदिशींविषयीचा आदर काय असतो हे त्यातून कळते. थिरकवांनी तर गंधर्व नाटक मंडळीत पदांना साथ केली. पदाच्या बाजूने चार मात्रांत काय वाजवायचे आणि कुठे हात आवरायचा, हे ज्याला कळत होते त्याच्या एकल वादनालाही भारदस्तपणा होता. म्हणून स्पर्धेला निघालेल्या मुलाने गाण्याची साथ करावी, भजनाला बसावे. त्यात रियाजाचे दिवस वाया जातात हा समज चुकीचा आहे.

ही जबाबदारी एकट्या शिक्षकावर टाकता येणार नाही. जे गुण मिळवून देते तेच शिकवले जाणार. वेग आणि लांबलचक चक्रदार यांना टाळ्या आणि गुण दोन्ही मिळत असतील, तर पेशकारावर वर्ष घालवा असे कुणाला कोणत्या तोंडाने सांगायचे? परीक्षकांनी वादन संपल्यावर स्पर्धकाला एकच विचारावे: आत्ता वाजवलास त्याच कायद्याचा न बसवलेला एक पलटा वाजव, किंवा तोच कायदा तिस्र जातीत घे. एकेकाला दोन मिनिटे दिली तरी १५ स्पर्धकांचा अर्धा तास होतो. दिवसभर चालणाऱ्या फेरीत तो निघू शकतो. उद्घाटनाच्या भाषणांतूनही निघेल.