परत येणारे गिऱ्हाईक

गडहिंग्लजहून महागाव, नेसरी, अडकूर असे करत एक रस्ता चंदगडला जातो. या रस्त्यावरच्या नेसरीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरसेनापती प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले आणि कामी आले. त्यांचे स्मारक पाहायला शाळांच्या सहली येतात, घरच्या गाड्या करून कुटुंबे येतात, आणि घटका-दोन घटका थांबून तिलारी, आंबोली किंवा गोव्याच्या वाटेला लागतात. तोवर जेवणाची वेळ टळत आलेली असते. मागच्या सीटवर मुले भुकेने कावलेली, आजीचे तिखटाचे पथ्य, आणि गाडी चालवणाऱ्याला पुढचा घाट दिसत असतो. गावातल्या खानावळीत बसावे, की कळ काढून पुढे एखाद्या ओळखीच्या पाटीखाली थांबावे, हा प्रश्न अशा वेळी पडतो. सुट्टीच्या ठिकाणी पोहोचल्यावरही तो सुटत नाही. उलट तिथे तो रोज तीन वेळा पडतो.

या प्रश्नाचे एक ठरीव नैतिक उत्तर आहे: स्थानिक ते चांगले, साखळीतले ते वाईट. पैसा गावात राहावा, चव टिकावी, ही त्यामागची भावना रास्त आहे. पण भुकेल्या कुटुंबाच्या दृष्टीने ते उत्तर अपुरे पडते, आणि स्थानिक म्हणवणाऱ्या प्रत्येकाला ते फुकटचे प्रशस्तिपत्र देऊन टाकते. साखळी हॉटेले मुळात निघाली का, हे पाहिल्याशिवाय त्यांच्याविषयी निवाडा करणे घाईचे होईल.

साखळी हॉटेल हे बऱ्याच अंशी कौटुंबिक सहलीचेच अपत्य आहे. अमेरिकेत हॉवर्ड जॉन्सन यांनी १९२५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी इथे एक छोटे दुकान घेतले. तिथले आइस्क्रीम गाजले आणि धंदा वाढला. १९३५ मध्ये त्यांनी आपले नाव वापरण्याचा पहिला परवाना दिला तो केप कॉडवरच्या ऑर्लीन्स गावी, म्हणजे उन्हाळी सुट्टीला कुटुंबे जिथे जात अशा समुद्रकाठी. नारिंगी छप्पर दुरून दिसले की मुलांना आणि आईवडिलांना आत काय मिळणार हे ठाऊक असे. केमन्स विल्सन हे गृहस्थ १९५१ मध्ये मुलाबाळांसह सहलीला निघाले असता वाटेतल्या मोटेलवाल्यांनी प्रत्येक मुलामागे जादा पैसे लावले. त्या वैतागातून पुढच्याच वर्षी मेम्फिसमध्ये पहिले हॉलिडे इन उभे राहिले, आणि तिथे मुलांना वेगळे भाडे नव्हते. फसवणारे स्थानिक व्यावसायिक नसते तर साखळ्यांना एवढे बळ आले नसते, असे म्हणायला जागा आहे.

आपल्याकडे हे काम आधी उडुप्यांनी केले. मालक वेगवेगळे असले तरी इडली, डोसा आणि स्टीलची वाटी सगळीकडे सारखी. शाकाहारी कुटुंबाला परगावी निर्धास्तपणे आत शिरता येई. कामतांनी महामार्गावर तोच भरवसा एका नावाखाली आणला. १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्स आणि डॉमिनोज भारतात आले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि त्याच्या कडेच्या फूड मॉलमध्ये बर्गर आणि वडापाव एकाच छपराखाली विकले जाऊ लागले. वडापावच्याही साखळ्या निघाल्या आहेत, हे इथे विसरू नये. साखळी म्हणजे परदेशी आणि स्थानिक म्हणजे देशी, अशी विभागणी आता करता येत नाही.

या व्यवहारामागचे गणित जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० च्या एका लेखात मांडले. लेख प्रामुख्याने जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल होता: विकणाऱ्याला गाडीचे दोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात, आणि एवढ्या एका गोष्टीने सगळा बाजार नासू शकतो. याच कामासाठी त्यांना २००१ चे नोबेल विभागून मिळाले. लेखाच्या उत्तरार्धात त्यांनी साखळी उपाहारगृहांचा उल्लेख केला आहे. शहरांना जोडणाऱ्या हमरस्त्यांवर ती अधिक दिसतात, कारण तिथले गिऱ्हाईक गावचे नसते. साखळीचा पदार्थ तिथल्या सरासरी हॉटेलापेक्षा बरा असतो. मात्र गावचा माणूस त्याहून चांगली जागा शोधू शकतो, कारण त्याला गाव माहीत असते. परक्याला गाव माहीत नसते, आणि साखळीची किंमत या अज्ञानावर उभी असते.

हे मान्य केले की खरा भेद दिसतो. हॉटेलाला नीट ठेवते ते परत येणारे गिऱ्हाईक. नेसरीसारख्या गावातल्या खानावळीत बाजाराला आलेला शेतकरी, एसटीची किंवा वडापची वाट पाहणारा प्रवासी, कॉलेजची पोरे आणि बँकेतला बदलीवर आलेला कारकून जेवतात. आज रस्सा पाणचट झाला तर उद्या चारचौघांत बोलणे होते, आणि परवा ताटे कमी लागतात. मालकाला फलक लावून शुद्धतेची हमी द्यावी लागत नाही, कारण हमी न पाळल्याची शिक्षा घरापासून शंभर पावलांवर बसलेली असते. साखळीत गिऱ्हाईक त्या जागी परत येत नाही, नावाकडे परत येते. सावंतवाडीत वाईट अनुभव आला तर तो माणूस पुण्यात त्या पाटीखाली जाणार नाही, या भीतीने साखळीचे तपासनीस फिरत राहतात. दोन्हीकडे धाक आहे. फक्त तो घालणारे वेगळे आहेत.

सुट्टीच्या ठिकाणी मात्र तिसराच प्रकार आढळतो. पावसाळ्यातल्या रविवारी आंबोलीच्या धबधब्याजवळ जी गर्दी लोटते, तिच्यातला बहुतेक माणूस या वर्षी पुन्हा येणार नसतो. अशा ठिकाणी गाडा गावच्याच माणसाचा असतो, पण त्याचे गिऱ्हाईक एकदाचेच. तेल किती वेळा तापवले याची विचारपूस करायला कोणी परत येणार नाही, आणि दर पाटीवर लिहिला नाही म्हणून कोणाचे काही अडत नाही. स्थानिक असण्याचा सगळा नैतिक फायदा इथे नाहीसा होतो. महाबळेश्वर, लोणावळा, गणपतीपुळे, कुठेही हे पाहता येते. प्रामाणिकपणे धंदा करणारे तिथेही असतात, पण त्यांना प्रामाणिक ठेवणारे त्यांच्या स्वभावाखेरीज फारसे काही नसते. चौथा प्रकार रिसॉर्टच्या आतल्या जेवणाचा. खोलीच्या भाड्यात तिन्ही वेळचे जेवण धरलेले असते आणि बाहेरचे खाद्यपदार्थ आणायला मनाई असते. पैसे आधीच दिलेले असल्याने कुटुंब फाटकाबाहेर पाऊल टाकत नाही. मालवणला जाऊन चार दिवस पनीर आणि नूडल्स खाऊन आलेली कुटुंबे या पद्धतीने तयार होतात.

कायद्याने यातले काही भाग भरून काढायचा प्रयत्न केला आहे. तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून वर गेले की ते तेल वापरता येत नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांनी मेन्यूवर उष्मांक दाखवावेत, असाही नियम आहे. पहिला नियम सगळ्यांना लागू, पण तपासला जातो तो प्रामुख्याने मोठ्यांकडे. धबधब्याजवळच्या गाड्यावर तेलाची चाचणी घेणारा यंत्रधारी अधिकारी क्वचितच पोहोचतो. दुसरा नियम तर छोट्यांसाठी नाहीच.

पैसा कुठे जातो, याचा एक ठोस अभ्यास २००४ मध्ये शिकागोच्या अँडरसनव्हिल भागात झाला. स्थानिक व्यवसायात खर्च झालेल्या १०० डॉलरपैकी ६८ त्या शहराच्या अर्थव्यवस्थेत राहिले, साखळीत खर्च झालेल्यांपैकी ४३. हे आकडे उचलून कोल्हापूर जिल्ह्याला लावता येणार नाहीत, पण दिशा ओळखीची आहे. नेसरी परिसरातल्या खानावळीच्या तांबड्या रश्श्यात गडहिंग्लजच्या बाजारातली संकेश्वरी मिरची पडते, भात २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या आजऱ्याच्या घनसाळचा असू शकतो, काजू चंदगडचा, भाकरी शेजारणीच्या हातची. साखळीतल्या बटाट्याच्या सळ्या गुजरातेत मेहसाण्याच्या कारखान्यातून गोठवून निघतात आणि शीतगाडीतून येतात. त्यातही शेतकऱ्याला दर मिळतोच, पण तो शेतकरी त्या रस्त्यावर राहत नाही.

मात्र पैशाचा हिशेब मांडताना ताटे धुणाऱ्याला वगळू नये. ढाबे, हॉटेले आणि चहाच्या टपऱ्यांवर चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. तरीही टेबल पुसणारा पोऱ्या हे दृश्य इतिहासजमा झालेले नाही, आणि ते साखळी हॉटेलात सहसा दिसत नाही. वीस किंवा अधिक कामगार असले की भविष्य निर्वाह निधी लागू होतो. घरच्या चौघांनी आणि बाहेरच्या तिघांनी चालवलेल्या खानावळीला तो लागत नाही. तिथल्या वाढप्याला आठवड्याची सुट्टी मिळते का, हे मालकाच्या मनावर असते. घरच्या सुनेची रोजची दीडशे भाकऱ्यांची मजुरी तर कोणत्याच वहीत नसते. ‘घरगुती जेवण’ या पाटीमागचा हा खर्च स्थानिकतेचा गौरव करणाऱ्या लेखांत फारसा येत नाही.

आणखी एक गोष्ट बोलताना संकोच होतो म्हणून मागे पडते. बायका-मुलींसह निघालेले कुटुंब साखळी हॉटेलापाशी थांबते ते पुष्कळदा स्वच्छतागृहासाठी. चवीचा प्रश्न नंतरचा. ज्या खानावळीमागे पाणी असलेले, कडी लागणारे, उजेडाचे स्वच्छतागृह आहे, तिने साखळीची निम्मी लढाई जिंकली, असे समजायला हरकत नाही. मुलांच्या तिखटाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. कोल्हापूरच्या जेवणाने त्यावर तोडगा पूर्वीच काढला आहे: पांढरा रस्सा, आणि तो नको असेल त्याला दहीभात. लहानग्याला बर्गरच लागतो, ही समजूत मोठ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी जोपासलेली असते.

पाहुण्याचीही काही जबाबदारी निघते. छोटी खानावळ मागणीप्रमाणे शिजवते. सकाळी मटण आणले की त्याचे पैसे गेलेले असतात. पंधरा ताटे फोनवर सांगायची आणि वाटेत दुसरे काही बरे दिसले म्हणून न कळवता निघून जायचे, हा प्रकार पर्यटनाच्या भागात नित्याचा आहे. साखळीला अशा पंधरा ताटांचा पत्ताही लागत नाही; खानावळवाल्याची दोन दिवसांची मिळकत त्यात जाते. पुढाऱ्यांच्या शब्दभंगावर गाडीत तावातावाने बोलणाऱ्यांना हा आपला शब्दभंग वाटत नाही. वेळेचेही तसेच. गरम भाकरीला वेळ लागतो आणि तो बिलात लावलेला नसतो.

मोबाइलवरच्या ताऱ्यांनी परत येणाऱ्या गिऱ्हाइकाची जागा घेतली आहे, असा एक दावा केला जातो. परका माणूस आता अज्ञानी राहिला नाही, त्याच्या आधी येऊन गेलेल्या शेकडोंची मते त्याच्या हातात आहेत, तेव्हा अकेरलॉफ यांचा प्रश्न मिटला, असे हा दावा सांगतो. तो काही अंशी खरा आहे. धबधब्याजवळच्या गाडेवाल्यालाही आता थोडा धाक बसला आहे. पण ही मते परक्यांनी परक्यांसाठी लिहिलेली असतात. रस्सा फार तिखट, भाताला उशीर, वायफाय नाही, अशा तक्रारींवर एक तारा देऊन माणूस मोकळा होतो. ज्या हॉटेलाला पाच हजार मते आहेत त्याला अशा तीन तक्रारींचा ओरखडाही उठत नाही. ज्याला एकूण नऊ आहेत ते नकाशावरून जवळजवळ पुसले जाते. बाजारादिवशी तिथे रोजचेच लोक रांगेत असतात, पण त्यांना तारे द्यायची गरज कधी वाटलेली नसते. परगावच्या माणसाने एसटी स्टँडवरच्या कंडक्टरला ‘तुम्ही कुठे जेवता?’ असे विचारले, तर त्याला त्या नऊ मतांपेक्षा भरवशाचे उत्तर मिळण्याचा संभव अधिक.

राज्याच्या धोरणात स्थानिक जेवणाला जागा आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची न्याहारी निवास योजना आणि २०२० चे कृषी पर्यटन धोरण यांच्यामुळे शेतकऱ्याला आपल्या घरी पाहुणे ठेवून जेवू घालता येते. पण बहुतेक पर्यटनस्थळी खाण्याचा दर्जा ठरतो तो गाळे आणि उपाहारगृहे भाड्याने देण्याच्या रीतीवर. गाळा सर्वाधिक बोलीला गेला की ती बोली वसूल करावी लागते, आणि एकदाच येणाऱ्या पाहुण्याकडून ती सर्वांत सहज वसूल होते. मोठी बोली साखळीला परवडते, किंवा तेल न बदलणाऱ्याला. स्मारके, किल्ले आणि धबधबे ज्यांच्या हद्दीत येतात त्या ग्रामपंचायतींना करारात दर्शनी दरपत्रक, चालू स्वच्छतागृह, तालुक्यातला तांदूळ आणि मिरची, आणि चौदा वर्षांखालील मुलाला कामावर न ठेवण्याची अट घालता येते. अटी पाळल्या तर त्याच भाड्यात मुदत वाढवून देण्याचे कलम असले, की गाळेधारकाला पुढच्या हंगामाचाही विचार करावा लागतो, आणि परत येऊन झडती घेणारे गिऱ्हाईक त्याला ग्रामपंचायतीच्या रूपाने मिळते.