काडी बदलली, चष्मा तोच?

चष्म्याची काडी मोडली, दुकानदारानं दुसऱ्या फ्रेमची काढून बसवली. पुढे नाकावरचे पॅड बदलले, बिजागरीचा स्क्रू बदलला, नंबर वाढला म्हणून भिंगंही गेली. तरी आपण ‘माझा जुना चष्मा’ म्हणतो ते कशाच्या बळावर? भारतीय दर्शनांनी हा वाद चष्मा येण्याच्या कितीतरी आधी घातला आहे, आणि दोन्ही पक्ष आपल्या समजुतीला धक्का देतात. न्याय-वैशेषिकांच्या मते अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, ही अवयवांहून वेगळी आणि खरीखुरी असते, पण टिकते त्यांच्याच आधारानं. म्हणून कापडाचा एक धागा काढला तरी पहिलं कापड नष्ट होतं आणि उरलेल्या धाग्यांतून नवा ‘खंडपट’ जन्मतो. हा हिशेब प्रामाणिकपणे लावला तर स्क्रू गळाला त्याच क्षणी चष्मा गेला, आणि दुकानातून परत आला तो भलताच. ‘तोच’ वाटतो तो सारखेपणामुळे. दुसऱ्या बाटलीतल्या गोळ्यांनाही आपण ‘तेच औषध’ म्हणतो तसा. बौद्ध दुसऱ्या टोकाला जातात. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो, आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का. शेवटी राजाला मान्य करावं लागतं की रथ हे भागांवरून पडलेलं, व्यवहारापुरतं नाव आहे.

मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात, आणि त्याचा पुरावा दुरुस्ती करणाऱ्याच्या टेबलावर आहे. काडी बसवून झाली की तो फ्रेम काचेवर उलटी ठेवून दोन्ही काड्या सारख्या टेकतात का ते बघतो. एक अधांतरी राहिली तर अ‍ॅसिटेटची, म्हणजे प्लास्टिकची, काडी गरम हवेवर मऊ करून पुन्हा वाकवतो. हा काटेकोरपणा हौसेचा नाही. उणे 6 नंबरच्या एका भिंगाचं केंद्र बाहुलीपासून 2 मिलिमीटर खाली घसरलं, तर प्रकाश 1.2 प्रिझम डायॉप्टर वळतो. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या प्रतिमा वरखाली होतात आणि त्या जुळवता जुळवता डोकं दुखायला लागतं. चष्मा हे नुसतं नाव असतं तर दुरुस्ती चुकलीच नसती, कारण नाव वाकड्या फ्रेमलाही तेवढंच लागू पडतं. आणि सगळं द्रव्यातच असतं तर परक्या काडीनं काम भागलं नसतं. चष्मा टिकतो तो विशिष्ट डोळ्यांशी, नाकाशी, कानांशी जमलेल्या नात्यात. एक भाग बदलताना बाकीचे ते नातं धरून ठेवतात आणि नव्या भागाला त्यांच्या मापात बसावं लागतं.

यावर बौद्ध म्हणेल, हे तर आमचं संतानच झालं, अखंड वाहता प्रवाह. म्हणो बापडा. पण त्यांच्याच धर्मकीर्ती या तत्त्वज्ञानं काम करण्याची क्षमता, अर्थक्रिया, हीच खरेपणाची कसोटी मानली. ती त्यानं क्षणिक स्वलक्षणांपुरती, म्हणजे क्षणभरच असणाऱ्या एकेका विशिष्ट वस्तूपुरती, राखून ठेवली, मी ती चष्म्यालाही लावतो. मग तेच काम करणारी, त्याच मापाची कोरी फ्रेम केली तर तोही जुनाच चष्मा का? नाही. तिचं माप चेहऱ्यावरून घेतलेलं असतं, जुन्या भागांनी तिला काही शिकवलेलं नसतं.

खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे. ऑगस्ट 2020 मध्ये ब्रिस्टलच्या लिलावात गांधीजींचा म्हणून एक चष्मा 2,60,000 पौंडांना विकला गेला. त्याची काडी बदलली असती तर एवढी किंमत कोणी मोजली असती? तिथे द्रव्यच सर्वस्व दिसतं. पण तो चष्मा कोणी नंबरासाठी घेत नाही. त्याचं नातं नजरेशी उरलेलं नाही, गांधीजींच्या स्पर्शाशी आहे, आणि नव्या काडीला तो स्पर्श कुठून मिळणार? नातं बदललं की ‘तोच’चा निकष बदलतो. त्याच वर्षी पंढरपुरात विठ्ठल-रखुमाईच्या मूर्तींना वज्रलेप झाला. तिथे नातं दर्शनाचं आहे, आणि पाषाण झिजू नये म्हणून चढवलेला लेप त्याच्या आड येत नाही. उलट ते चालू राहावं म्हणूनच तो चढतो.

तेव्हा दुरुस्तीला दिलेला चष्मा परत घेताना काडीचा रंग जुळला का एवढंच बघू नका. तिथेच घालून बारीक टाइपातल्या चार ओळी वाचा, आणि डोळ्यांवर ताण आला तर पैसे देण्याआधी तो पुन्हा टेबलावर ठेवा.