उपकार की देणे?
होड्या लावण्यासाठी पाण्यावर तरंगते धक्के बांधतात. पणजीला मांडवी नदीत आपल्यापैकी काहींनी ते पाहिले असतील. काँक्रीटचा पोकळ धक्का टिकाऊ खरा, पण जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ८ टक्के आहे. पोलाद कारखान्यातील स्लॅग दळून निम्म्या सिमेंटऐवजी घातला, तर कार्बन घटतो, शिवाय खारे पाणी आतल्या सळईपर्यंत सहज पोचत नाही. मात्र असे काँक्रीट सावकाश ताकद धरते. त्यावर जास्त दिवस पाणी मारावे लागते. नेमके तेच आपल्याला नको असते. घाई आपली, गंजलेली सळई नातवंडांची! मग त्यांच्यासाठी थांबणे हा उपकार की देणे? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’मध्ये पुढील पिढ्यांचा विचार ही मर्जीची नव्हे, न्यायाची बाब म्हटली आहे. म्हणजे देणेच, आणि ते चुकते करायचे ते ठेकेदाराला मुदत ठरवून देतानाच.