रंगाची हद्द

भंडाऱ्याच्या कासारांनी घडविलेली पितळेची भांडी ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदली, त्या घरांतील मनुष्यास धातूच्या शुद्धीची रीत निराळी शिकवावी लागत नाही. चिंच लावावी, चोळावे, धुवावे, की घागर पुन्हा सोन्यासारखी लखलखते. परंतु हीच रीत तो अंगणातल्या मोटारीच्या ब्रेकला लावू पाहील तर फसेल. पितळेवर चढणारा काळसर थर धातूला बिलगून राहतो व काही अंशी त्याचे रक्षणच करतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो, पापुद्र्यांनी सुटतो आणि ओलावा व प्राणवायू यांना आतल्या कोऱ्या धातूपर्यंत वाट करून देतो. आम्लाने गंज विरघळतो हे खरे, पण भाग धुऊन तत्काळ कोरडा केला नाही, तर तो पाहता पाहता पुन्हा तांबूस होतो.

तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीज निघते, वरठीला पोलाद तयार होते, गडेगावला मालमोटारींचे गिअरबॉक्स घडतात. असे असूनही धातूविषयीचा आपला अभिमान उत्पादनापाशीच थांबतो आणि घडलेल्या वस्तूच्या निगेची विद्या आपण मिस्त्रीच्या हवाली करून मोकळे होतो, ही गोष्ट मला खटकते. वैनगंगेच्या खोऱ्यातील या धानाच्या मुलखात पावसाळाभर हवा दमट असते, आणि ब्रेकची डिस्क व ड्रम ही बहुधा बिडाची असतात. रात्रीच्या पावसानंतर डिस्कवर दिसणारी नारिंगी झाक पहिल्या दोन-चार दाबांतच पॅड खरवडून काढतात. तिची दखल घेण्याचे कारण नाही. हँडब्रेक ओढून मोटार दीर्घ मुदत ओल्या जागी उभी राहिली, तर मात्र शू ड्रमला धरून बसतात.

खरी परीक्षा कॅलिपरपाशी होते. पॅडची दोन टोके ज्या खाचांत बसतात त्या खाचा बारकाईने पाहाव्यात. गंजाला मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा लागते. त्यामुळे खाच आतून फुगते, पाय सोडला तरी पॅड मागे सरकत नाही, डिस्कला घासत राहतो, चाक तापते आणि पॅड वाकडा झिजतो. आता एखाद्या उत्साही गृहस्थाने गंजाच्या धास्तीने त्याच खाचेत रंगाचे दोन जाड हात दिले, तर परिणाम तंतोतंत तोच होईल! संरक्षणासाठी योजलेले द्रव्य ज्या क्षणी आपली हद्द ओलांडते, त्या क्षणी ते शत्रूचेच काम करू लागते. म्हणून एकाच लोखंडाचा कोणता भाग झाकावा आणि कोणता उघडा ठेवावा, याचा विवेक हाच या कामातील सारा कस आहे, असे माझे मत आहे. कॅलिपरचे बाह्यांग, डिस्कचा मधला टोप, ड्रमची बाहेरची बाजू यांना उष्णता सोसणारा रंग शोभतो व उपयोगी पडतो. पॅड घासतो तो पृष्ठभाग, पिस्टन आणि त्यावरील रबर, सरकत्या पिना, हवा काढण्याचा निपल व चाक टेकते ती सपाट बैठक, येथे रंगास सक्त मनाई असावी.

तारेच्या ब्रशने सुटा गंज काढावा, पॉलिश पेपरने घासावे, तेलकटपणा पुसून मगच पातळ हात द्यावेत. ब्रेकची धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या झोताने कधीही उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी, कारण जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि ते फुप्फुसांस घातक आहे. नेहमीचे ब्रेक ऑइल सांडले तर नवा रंगही विरघळतो.

वाचकांनी हे काम अवश्य करावे, पण नुसत्या जॅकच्या भरवशावर नव्हे. मोटारीखाली भक्कम घोडी असावी. डिस्क तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीखाली गेली असेल, तिला तडा असेल किंवा ऑइल पाझरत असेल, तर ब्रश खाली ठेवून मिस्त्रीला बोलवा. आणि सर्व यथास्थित वाटले तरी मोटार हमरस्त्यावर नेण्यापूर्वी पेडल टणक लागेपर्यंत दाबून पाहा, आणि मग मोकळ्या जागी अगदी हळू चालवून ब्रेक लागतो याची खात्री करून घ्या.