रहाटगाडगे आणि दैवाचे कर्तृत्व

‘मृच्छकटिका’च्या अखेरीस चारुदत्त दैवाला रहाटगाडग्याची उपमा देतो : रिते भरते, भरलेले रिते होते. सांगलीनजीकच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठीत आणले. परंतु चारुदत्ताचे दारिद्र्य त्याच्या दातृत्वातून ओढवते. वधाची शिक्षा शकाराच्या कपटातून आणि पालक राजाच्या आज्ञेतून. मग दैवाकडे उरते काय? हाच प्रश्न इतिहासाच्या वाचनातही उद्भवतो. साताऱ्याच्या प्रतापसिंह छत्रपतींना १८३९ मध्ये कंपनी सरकारने पदच्युत करून काशीला धाडले. १८४८ मध्ये राज्यही खालसा केले. याला ‘दैवगती’ म्हटले की शोक उदात्त होतो, पण कर्ता अदृश्य होतो. दैवकल्पना सोसणाऱ्याला धीर देते, हे खरे. मात्र तीच पीडकाला दोषमुक्त करू लागली, की रहाट कोण हाकतो, हे समीक्षेने विचारलेच पाहिजे.