निवड आणि उरलेले : 'निवडक' ऐकण्याच्या नैतिकतेविषयी

१

एखाद्या बँडच्या दहा-पंधरा वर्षांच्या निर्मितीतून गाजलेली गाणी उचलून 'ग्रेटेस्ट हिट्स' या नावाने त्यांचा संग्रह काढणे हा पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतातील रूढ व्यवहार आहे. समीक्षेने त्याकडे बाजारपेठेची बाब म्हणून पाहिले आणि सोडून दिले. मराठीतही 'निवडक' या शब्दाने सुरू होणाऱ्या पुस्तकांची संख्या मोठी आहे. मात्र निवडीमागील दृष्टीची चर्चा संपादकाच्या प्रस्तावनेपलीकडे क्वचितच जाते. वास्तविक या व्यवहारात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. अंश ऐकून पूर्णाविषयी बोलण्याचा अधिकार श्रोत्याला मिळतो काय? आणि जे निवडले गेले नाही त्याच्याशी निवडणाऱ्याचे व ऐकणाऱ्याचे कोणते नाते उरते?

हा प्रश्न सर्वाधिक टोकदार होतो तो 'ऑल्टरनेटिव्ह रॉक' या प्रकारात. बाजाराच्या मुख्य धारेला पर्याय म्हणून आपली ओळख सांगणाऱ्या संगीताचा 'गाजलेल्या गाण्यांचा संग्रह' निघणे हीच मुळात एक विसंगती आहे. 'रेडिओहेड' या इंग्लिश बँडचे उदाहरण या दृष्टीने बोलके ठरते. १९९३ ते २००३ या काळात या बँडचे सहा अल्बम ई.एम.आय. कंपनीच्या छत्राखाली निघाले. करार संपल्यानंतर ऑक्टोबर २००७ मध्ये बँडने 'इन रेनबोज' हा अल्बम स्वतःच्या संकेतस्थळावरून प्रसृत केला आणि त्याची किंमत ठरविण्याचे काम श्रोत्यावर सोपविले. पुढच्याच वर्षी, जून २००८ मध्ये, कंपनीने आपल्या ताब्यातील जुन्या ध्वनिमुद्रणांतून 'द बेस्ट ऑफ' हा संग्रह बाजारात आणला. या निवडीत बँडचा सहभाग नव्हता. ध्वनिमुद्रणांची मालकी कंपनीकडे असल्याने कायद्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो औचित्याचा.

२००० सालच्या 'किड ए' या अल्बममधून एकही गाणे सुटे प्रसिद्ध करण्यात आले नव्हते. तो सलग ऐकावा, अशी ती रचना होती. ज्या अल्बमला 'हिट' गाणे असूच नये अशी योजना होती, त्यातीलही गाणी २००८ च्या संग्रहात 'उत्तम' म्हणून आली. 'किड ए'चा प्रारंभ ज्या गाण्याने होतो, त्याच गाण्याने या संग्रहाच्या एका तबकडीच्या आवृत्तीचा शेवट होतो. सर्व काही आपापल्या जागी असल्याचे सांगणारे शीर्षक त्या गाण्याला आहे. जागा बदलली, गाण्याचा एक स्वरही बदलला नाही. तरीही गाणे तेच राहिले, असे म्हणता येईल काय?

२

थिओडोर आडोर्नो याने १९३८ मधील आपल्या निबंधात श्रवणाच्या ऱ्हासाची मीमांसा केली आहे. संगीत वस्तुरूप झाले की श्रोता पूर्णाची बांधणी ऐकत नाही; सुटे, ओळखीचे, सुखद तुकडे तेवढे तो ओळखतो आणि ओळखण्यालाच आस्वाद समजतो, हे त्याच्या प्रतिपादनाचे सार. 'ग्रेटेस्ट हिट्स' संग्रहाला हे वर्णन चपखल बसते. परंतु आडोर्नोची पूर्णाची कल्पना सिंफनीसारख्या पाश्चात्त्य अभिजात रचनेवरून घडलेली आहे. जेथे आदी, मध्य आणि अंत यांची बांधणी आहे तेथेच अंश हा भंग ठरतो. सर्व वाङ्मयांत पूर्ण याच जातीचे असते असे गृहीत धरण्याचे कारण नाही.

भारतीय काव्यविचाराने प्रबंधाबरोबरच मुक्तकालाही मान्यता दिली. आनंदवर्धनाने अमरूच्या एकेका मुक्तकात प्रबंधाच्या तोडीचा रसाविष्कार पाहिला. गोदाकाठच्या प्रतिष्ठानाशी निगडित असलेली सातवाहन हालाची 'गाथासप्तशती' तर निवडीतूनच जन्माला आली. कोटी गाथांतून सातशे निवडल्याचा निर्देश त्या ग्रंथातच आहे. कोटी ही संख्या अतिशयोक्त मानली, तरी निवडीचे भान त्यात स्पष्ट आहे. महाराष्ट्री प्राकृतातील या गाथा आज अभ्यासता येतात त्या या निवडीमुळेच. मात्र ज्यांतून त्या निवडल्या त्या गाथांचा तो भांडार आज उपलब्ध नाही. निवडीने थोडे तारले. आणि जे निवडले नाही ते गेल्यावर निवड हेच पूर्ण होऊन बसले. तारणे आणि झाकणे ही दोन्ही कामे निवड एकाच वेळी करते.

गोदावरीच्या दक्षिण तीरावरील बीड जिल्ह्यात या द्वंद्वाची दोन टोके पाहावयास मिळतात. एक अंबाजोगाईला, दुसरे माजलगावला.

३

अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) हे विपुलतेचे कवी होत. त्यांच्या 'गीतार्णव' या गीताटीकेची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख सांगितली जाते. ज्ञानेश्वरी सुमारे नऊ हजार ओव्यांची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या विस्ताराची कल्पना येते. कागद अपुरा वाटावा तसे त्यांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर 'पंचीकरण' लिहिले. ग्रंथाच्या नावातच 'अर्णव' आहे. समुद्रातून ओंजळभर काढून दाखविण्याचा विचार त्या नावात नाही.

परिणाम काय झाला? दासोपंतांविषयी आदर आहे, पासोडीविषयी कुतूहल आहे, ओवीसंख्येचा अभिमान आहे; पण 'गीतार्णव' सलग वाचणारा वाचक दुर्मीळ आहे. ज्याच्यातून कोणी निवडले नाही, ते अखंड राहिले आणि अवाचितही राहिले. याउलट ज्ञानेश्वरीचे पसायदान शाळाशाळांतून म्हटले जाते. त्याचा पहिला शब्द 'आता' हा आहे. अठरा अध्यायांचा वाग्यज्ञ पुरा झाल्यावरचा तो 'आता' आहे; त्या यज्ञाचे फळ म्हणून ते मागणे आहे. पसायदान तेवढेच म्हणणारा, न केलेल्या यज्ञाचा प्रसाद मागत असतो. तरी त्याला दोष देणे कठीण आहे, कारण कित्येकांना ज्ञानेश्वरीचे दार त्या मागण्यातूनच उघडते.

म्हणजे अखंडतेचा आग्रह ही काही निर्दोष भूमिका नव्हे. न निवडणे हेही एक प्रकारचे मौन लादणे ठरू शकते. लंडनमध्ये मुद्रित झालेले गाणे बीडमधील एखाद्या तरुण श्रोत्यापर्यंत पोहोचते ते बहुधा संग्रहाच्याच रूपाने. त्याला सहाही अल्बम क्रमाने ऐकण्याची अट घातली, तर तो काहीच न ऐकण्याचा संभव अधिक. दूरच्या श्रोत्यावर पूर्णाची सक्ती करणे हा साधनसंपन्नांचा नीतिवाद होईल.

४

माजलगावचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमविल्या; त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्यांपैकी काही ओव्या बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने ध्वनिमुद्रित झाल्या. १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगर वस्तीतील स्त्रियांनी गायिलेल्या ओव्यांचे असेच ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळाने या भांडारातील ओव्या विषयवार निवडून, ध्वनीसह प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. माजलगावच्या ओव्या श्रोत्यांपुढे आल्या त्या मुख्यतः डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयीच्या ओव्या म्हणून.

या निवडीचे महत्त्व वादातीत आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर ओवीत देवाच्या जागी बुद्ध आणि भीमराव आले, हा मराठी मौखिक परंपरेतील एक मोठा बदल आहे. विद्यापीठाच्या नामांतराच्या मागणीवरून १९७८ साली मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. त्यानंतर दोन वर्षांनी माजलगावच्या स्त्रिया जात्यापाशी बसून भीमरावाचे नाव गातात, या घटनेला स्वतःचे वजन आहे. लाख ओव्यांच्या ढिगात हा आवाज बुडून जाऊ शकला असता. निवडीने तो ऐकू आला. शिवाय येथे गाणाऱ्या स्त्रीचे नाव, गाव आणि ध्वनिमुद्रणाचा काळ नोंदलेला आहे. जुन्या अनेक ओवीसंग्रहांत 'एक बाई' एवढाही उल्लेख नसे.

तरीही प्रश्न उरतोच. ओवी हे मुक्तक आहे. दुसऱ्या ओवीवाचून तिचा अर्थ अडत नाही. तेव्हा 'किड ए'मधून गाणे उपटल्यावर जी हानी होते, ती येथे संहितेच्या पातळीवर होत नाही. मात्र ओवीलाही तिचे पूर्ण आहे. ते ग्रंथात नाही, प्रसंगात आहे. पहाटेचा अंधार, जात्याच्या खुंट्याला लागलेले दोन हात, एकीची ओळ संपता संपता दुसरीने उचललेला सूर, 'पहिली ओवी', 'दुसरी ओवी' अशी पुढे सरकणारी मोजणी आणि या सर्वांतून पडणारे पीठ, हे ओवीचे पूर्ण होय. पिठाची गिरणी आल्यावर हा प्रसंगच मावळत गेला. ध्वनिमुद्रणासाठी गायिलेली ओवी ही आधीच प्रसंगातून उचललेली असते. विषयवार वर्गीकरणात ती गाणारीच्या इतर ओव्यांपासूनही वेगळी होते.

याच ठिकाणी नैतिक धोका आहे. भीमरावाची ओवी गाणारी स्त्री माहेराची, भावाची, लेकीची, सासुरवासाची ओवीही तिच दळणात गाऊ शकते. जात्यावर हे विषय वेगळे नसतात. मुक्तीचे गाणे आणि कष्टाचे गाणे एकाच श्वासात येते. श्रोत्याने आंबेडकरी ओव्याच तेवढ्या ऐकल्या, तर त्याला एक चळवळ ऐकू येते, पण एक बाई ऐकू येत नाही. आणि त्या वगळून केवळ माहेर-सासरच्या ओव्या ऐकल्या, तर बाई ऐकू येते, पण तिचा इतिहास ऐकू येत नाही. ओवीला 'स्त्रीमनाचा हळवा उद्गार' ठरविणाऱ्या अभिरुचीने हे दुसरे पातक केले आहे. पहिल्याचा मोह आजच्या विद्यापीठीय अभ्यासाला आहे. दोन्हींत श्रोता आपल्याला हवे तेवढे ऐकतो आणि ते गाणारीचे म्हणून सांगतो.

५

मराठीतील 'निवडणे' हे क्रियापद स्वयंपाकघरातले, नेमके सांगायचे तर जात्याच्या अलीकडचे आहे. दळणापूर्वी धान्य निवडतात तेव्हा खडे बाजूला काढतात; थोडे टाकले जाते, बहुतेक सारे ठेवले जाते. 'निवडक' वाङ्मयात याच्या नेमके उलट घडते. थोडे ठेवले जाते आणि बाकीचे, ते खडे नसतानाही, बाजूला सरते. शब्द तोच राहिल्याने टाकलेले ते निकस, अशी समजूत नकळत रूढ होते. 'उत्तम' या शीर्षकाचा खरा दोष हा आहे. आवडीचा, सोयीचा किंवा मालकीचा निर्णय त्यात गुणवत्तेचा निर्णय म्हणून वावरतो.

मराठीत दुसरा शब्द आहे 'वेचणे'. पाठ्यपुस्तकांतील उताऱ्यांना 'वेचे' म्हणण्याची पद्धत जुनी आहे. बीड जिल्ह्याच्या कापूसपट्ट्यात या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. कापसाची वेचणी एकदाच होत नाही. पहिल्या वेचणीत उमललेली बोंडे घेतात, न उमललेली झाडावर ठेवतात. ती टाकाऊ म्हणून ठेवलेली नसतात. त्यांची वेळ आलेली नसते. पहिली वेचणी दुसरीची वाट मोकळी ठेवते.

निवडीच्या न्याय्यतेचा निकष या भेदात सापडतो. निवड मूळ कर्त्याने केली की मालकाने, संपादकाने केली की श्रोत्याने, हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी निर्णायक नाही. कर्ताही आपल्या निर्मितीवर अन्याय करू शकतो. निर्णायक आहे तो उरलेल्याशी असलेला संबंध. कोणी, कशातून आणि कोणत्या हेतूने निवडले हे जो संग्रह उघड सांगतो व उरलेल्याकडे जाण्याची वाट दाखवितो, तो वेचणीच्या जातीचा. जो स्वतःला पूर्णाचे सार म्हणवितो, तो उरलेल्याला खडे ठरवितो. या कसोटीवर रेडिओहेडचा संग्रह 'उत्तम' या नावापाशीच अडतो. माजलगावच्या ओव्यांची निवड, नाव-गाव-काळाच्या नोंदींमुळे आणि मागे उभ्या असलेल्या लाख ओव्यांच्या भांडारामुळे, पुढील वेचणी शक्य ठेवते. ती होईल की नाही, हे संग्राहकाच्या हाती नाही.

ते श्रोत्याच्या हाती आहे. निवडक ऐकणे हा अपराध नव्हे. मर्यादित आयुष्याच्या श्रोत्याला दुसरा मार्गही नाही. पण निवडक ऐकून निकाल देणे आणि निवडक ऐकून ऋण मान्य करणे या दोन भिन्न कृती आहेत. पहिल्या कृतीत ऐकणे संपते. दुसरीत, जे अजून ऐकले नाही तेही कोणीतरी गायिलेले आहे, याचे भान राहते. दासोपंतांच्या न वाचलेल्या ओव्या आणि माजलगावच्या स्त्रीने त्या दिवशी न गायिलेल्या ओव्या या भानाच्या कक्षेत येतात. असे भान बाळगणाऱ्या श्रोत्याच्या विधानांना धार कमी असेल. ती अधिक प्रामाणिक असतील.