प्रबंध आधी की वस्ती?

पूर्णा हे रेल्वेचं जंक्शन. मनमाड-नांदेड मार्गावरून अकोल्याकडे फाटा फुटतो तो इथेच. आंबेडकरी चळवळ या गावात घट्ट रुजलेली आहे आणि बुद्ध विहारातल्या धम्म परिषदेला लांबलांबून माणसं येतात. अशा गावातलं हुशार पोर पीएच.डी.ला लागलं की पेच हमखास पडतो. प्रबंध पुरा करायचा, की वस्तीतल्या मुलांचा वर्ग चालवायचा? ‘शिकला आणि आम्हाला विसरला’ हे शब्द जिव्हारी लागतात.

अंगुत्तर निकायातल्या छवालात सुत्तात बुद्ध माणसांचे चार प्रकार सांगतात. ना स्वतःचं हित साधणारा, ना दुसऱ्याचं, तो सगळ्यांत खाली. दोन्ही साधणारा सगळ्यांत वर. नवल मधल्या दोघांचं आहे. केवळ परहितासाठी झटणाऱ्यापेक्षा केवळ आत्महित साधणारा तिथे वरच्या पायरीवर आहे! अर्थात हे आत्महित पैशाचं नव्हे. पुढच्याच सुत्तात त्याचा खुलासा येतो: स्वतःतला राग, द्वेष, मोह घालवणं.

बाबासाहेबांना एवढ्यावर समाधान नव्हतं. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते विचारतात, भिक्खू कशासाठी? परिपूर्ण माणूस होण्यासाठी, की समाजसेवेसाठी? त्यांचा कौल उघडपणे सेवेच्या बाजूने आहे.

पण त्यांची स्वतःची विशी-तिशी पाहावी. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. चळवळ नुकती पेटत होती, आणि त्याच वर्षी हा तरुण प्राध्यापक अपुरं शिक्षण पुरं करायला लंडनला गेला. तिथे त्यांनी प्रबंध लिहिला तो रुपयाच्या प्रश्नावर. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली, त्याच वर्षी ‘मूकनायक’ बंद पडला. ही किंमत लहान नव्हती. मात्र १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली आणि १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे चलनावर साक्ष देताना त्यांच्यामागे त्याच प्रबंधाचं बळ होतं.

म्हणजे त्यांनी तोल साधला नाही. एक काम खाली ठेवलं, दुसरं उचललं. ते शक्य झालं कारण शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने पैसे उसने दिले आणि रमाबाईंनी मुंबईत ओढग्रस्तीचा संसार रेटला. या तिसऱ्या नावाचा उल्लेख आपण फार घाईने उरकतो.

म्हणून हा पेच एकट्या विद्यार्थ्यावर टाकणं अन्यायाचं आहे. त्रिशरणात बुद्ध आणि धम्म यांच्यासोबत संघही आहे. प्रश्न त्यालाही विचारला पाहिजे. पूर्णेतली मुलगी चार वर्षं प्रयोगशाळेत असेल, तर तिचा वर्ग तोवर कोण घेणार? तिच्या खोलीचं भाडं कोण भरणार? तिच्या आईचा दवाखाना कोण पाहणार? विहाराच्या बैठकीत वर्गणीच्या हिशेबाशेजारी या तीन प्रश्नांपुढेही नावं लिहिली जायला हवीत.